कुआ, वळण आणि हलकं धान

भाऊबीज उरकली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला; आज या गावची, उद्या पलीकडच्या गावची. दंडार, रात्रीचं नाटक, आणि या दोन्हींच्या आडून चालणारं खरं काम म्हणजे सोयरीक. पवनीकडचा पाहुणा साकोलीकडच्या पाहुण्याला जिलेबीच्या दुकानापुढे भेटतो आणि दोघेही कढईकडे बघत एकमेकांच्या पोरापोरींची चौकशी करतात. मंडई मोठी असेल तर आकाशपाळणा येतो. गावाचं नशीब फारच जोरात असेल तर मौत का कुआही येतो.

या कुव्याला पाणी नसतं. फळ्या जोडून केलेलं उभं गोल पिंप म्हणा. तिकीट काढून वर चढायचं, कठड्यावरून वाकून खाली बघायचं. मोटारसायकलवाला तळाच्या उतरत्या कडेवरून घिरट्या घालत वेग घेतो आणि बघता बघता सरळ भिंतीवर जातो. मग हात सोडतो, कठड्यावरून कुणी पुढे केलेली नोट धावत्या गाडीवरून उचलतो, आणि फळ्या अशा थडथडतात की सोयरीक जुळवायला आलेले दोन्हीकडचे पाहुणे विषय विसरतात.

गर्दीत एक जाणकार असतोच. तो सांगतो, ‘वेगामुळे तो बाहेर फेकल्या जाते, म्हणून चिकटून राहते.’ अर्धं बरोबर आहे. फेकलं जाण्याचा भास गाडीवाल्याला होतो, पण वरून बघणाऱ्याच्या हिशेबात बाहेर ओढणारं कुणीच नाही. गाडीला सरळ जायचं असतं. भिंत तिला जाऊ देत नाही, सतत आत ढकलते. वर्तुळात फिरवणारं अभिकेंद्री बल ते हेच. क्षणभर भिंत नाहीशी झाली तर गाडी काही केंद्रापासून थेट दूर उडणार नाही. त्या क्षणी तोंड जिकडे असेल तिकडे, स्पर्शिकेच्या दिशेने, सरळ जाईल. म्हणजे बहुधा जिलेबीच्या दुकानात.

भिंत वळवते हे ठीक, पण खाली पडण्यापासून कोण वाचवतं? घर्षण. टायर आणि फळी यांच्यामधलं घर्षण वरच्या दिशेने लागतं आणि गाडीसकट माणसाचं वजन पेलतं. आता गंमत अशी की घर्षणाची कमाल मर्यादा भिंत किती जोराने दाबते यावर ठरते आणि भिंतीचा दाब वेगावर. त्रिज्या 5 मीटर आणि घर्षण गुणांक 0.5 धरला तर ताशी साधारण 36 किलोमीटरच्या खाली येऊन चालत नाही. त्या वेगाला भिंत माणसाला त्याच्या वजनाच्या दुप्पट जोराने ढकलत असते. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हा कुआ पहिल्याच धड्यात आहे, आणि त्या सूत्रात वजन येतच नाही. गाडीवर काटकुळा पोरगा बसो की तीन पंगती जेवून आलेला व्याही, किमान वेग तोच. मंडईत वजनदार माणसाला कुणी जास्त मान देत नाही अशी ही एकच जागा.

खेळ संपतो आणि बाहेर लावलेल्या शंभर मोटारसायकली एकदम सुरू होतात. प्रत्येक पोराच्या डोक्यात तोच विचार असतो: वेग ठेवला तर पडत नाही.

या दिवसांत हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान निघालेलं असतं. भारी धान बांधीत उभं असतं, कुठे कापलेल्या कडपा पडलेल्या असतात, कुठे पुंजणे रचलेले. आणि निघालेलं धान वाळवायला डांबरी रस्त्यासारखी जागा नाही. अर्धा रस्ता वाहनांचा, अर्धा धानाचा. त्यातून तणस उडून उरलेल्या अर्ध्यावर येते. असं धान कधी नेमकं वळणावर पसरलेलं असतं.

कुव्यातलं कामवाटप इथे उलटं होतं. वजन पेलायला खालची जमीन आहे; पण आत वळवायला भिंत नाही. ते काम आता एकट्या घर्षणाचं. 20 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कोरड्या डांबराचा गुणांक 0.7 धरला तर ताशी 42 पर्यंत निभतं. धानाच्या दाण्यांवर तो 0.25 धरा, मर्यादा 25 वर येते. हिशेब वर्गमुळाचा आहे म्हणून बरं. नाहीतर आणखी खाली आली असती.

थोडक्यात, कुव्यात भिंत गुळगुळीत असेल तर वेग वाढवावा लागतो आणि रस्ता गुळगुळीत असेल तर कमी करावा लागतो. घर्षण तेच, सल्ला नेमका उलटा. कुव्यातून शिकून आलेला पोरगा वळणावर जो नियम लावतो, तो खरा असतो. फक्त दुसऱ्या जागेचा असतो.

घर्षणाचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. ते घरातल्या थोरल्या वहिनीसारखं असतं. जेवढं लागेल तेवढंच देतं, आधी काही बोलत नाही, कपाळाला आठी पाडत नाही, आणि सगळे गृहीत धरतात की ते अमर्याद आहे. मर्यादा ओलांडली की मात्र एकदम हात काढून घेतं. चाक एकदा घसरू लागलं की मिळणारं घर्षण आधीच्यापेक्षाही कमी. त्यात घाबरून वळणावरच ब्रेक दाबला तर थांबवायचं आणि वळवायचं, दोन्ही कामं त्याच बिचाऱ्यावर पडतात. मग दोन्ही होत नाहीत.

हे सारं गणित मंडईहून परतणाऱ्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या आत्याला एका वाक्यात येतं. एका हातात जिलेबीचा पुडा, दुसऱ्या हाताने भाच्याचा खांदा. वळण दिसलं की ती म्हणते, ‘हरू चाल ना गा, बाबू!’ त्रिज्या तिने मोजलेली नसते, गुरुत्वत्वरणाची किंमत तिला पाठ नसते. गुणांक मात्र तिला अचूक माहीत असतो, कारण त्या वळणावर वाळत घातलेलं धान तिचंच असतं. आणि तिची काळजी भाच्यासाठी किती व धानासाठी किती, हे भाच्याने विचारू नये.