भिंतीवरून पालेकर

"काय सांगतीस! तो गोलमालमधला पालेकर? त्यानं मानवतच्या खुनांवर पिक्चर काढला हुता?"

आक्कांनी निवडायला घेतलेली मेथी तशीच कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. म्हणजे आता अर्धा तास तरी त्या हलायच्या नाहीत. आक्कांचं माहेर निमगाव केतकी, सासर भवानीनगर. त्यांचे यजमान दादा कारखान्यातून रिटायर झाले आणि दोघं बारामतीत आमच्या शेजारी आले. तेव्हापासून आमच्या घरात पेपर नसला तरी चालतो.

विषय निघाला परभणीकडच्या मानवतमधल्या खुनांवरच्या 'मानवत मर्डर्स' या मालिकेवरून. नातवानं मोबाईलवर लावून दिली आणि आक्कांनी ती अर्ध्यात सोडली.

"का हो सोडली? चांगली आहे की."

"चांगलीच हाय. पर सगळं पोलिसांचंच चाललंय. कोण सापडलं, कुठं सापडलं. बाहत्तर साली आम्ही ह्येच ऐकत हुतो. दुष्काळ पडलेला, आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला, आम्हाला सुकडी मिळायची. आन् आई सांगायची, एकटी ओढ्याला जाऊ नका, मानवतवाली माणसं नेतील. कुठं परभणी, कुठं इंदापूर! पर आम्ही पोरी दिवस मावळायच्या आत घरात."

मी म्हटलं, "मग तुम्हाला बघायचंय काय?"

आक्कांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. वास्तविक गल्लीत तेव्हा कुत्रंसुद्धा नव्हतं. "त्या खुनातल्या मुख्य दोघांचं काय हुतं, ते. एवढा पैसेवाला गडी, बायको-पोरं असलेला. त्यो त्या बाईपायी एवढा वाहावत का गेला? आन् तिला त्याच्याकडनं काय पायजे हुतं? ते कुणी सांगतच न्हाय."

आता ह्याला काय म्हणावं! अमोल पालेकरनं १९८१ साली पहिल्यांदा दिग्दर्शन केलं, ते हेच विचारायला. सिनेमाचं नाव 'आक्रीत', पटकथा विजय तेंडुलकरांची. माणसांची नावं बदललेली: गावातला श्रीमंत मुकुटराव आणि त्यानं ठेवलेली रुही. मुकुटराव स्वतः पालेकर, रुही चित्रा पालेकर, म्हणजे तेव्हाची त्याची बायको. तिला मूल हवं, दोघांना गुप्तधन हवं, आणि कुणीतरी सांगतं की कोवळ्या पोरींचा बळी द्या. मूळ प्रकरणातली मुख्य जोडी सुप्रीम कोर्टातून सुटली, हेही सांगायला हवं; म्हणून सिनेमातल्या माणसांना सिनेमातलीच माणसं समजायचं. पण खून हा तिथं शेवटचा हिशेब. आधीचा सगळा व्यवहार घरातल्या दोन माणसांत चालतो: हा मला सोडील का, ही मला धरून ठेवील का. तेंडुलकरांना हे काही नवं नव्हतं. मानवतचं प्रकरण सुरू झालं त्याच १९७२ साली त्यांचा 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आला होता, आणि तिथंही एका घरात ठेवलेल्या बायकांच्याच कहाणीचा शेवट खुनात होतो.

"पर पालेकर?" आक्कांचं समाधान होईना. "मिशी काढून उत्पल दत्तला फसवणारा त्यो. 'चितचोर'मदी किती गरीब दिसतो! असल्याला ही बुद्धी कुठनं झाली?"

"गरीब कसला! 'घरौंदा' आठवतो का? १९७७ चा. मुंबईत घर घ्यायला पैसे नाहीत, म्हणून झरीना वहाबला म्हणतो, तू साहेबाशी लग्न कर, म्हातारा आजारीच आहे."

"व्हय की! डॉक्टर लागू साहेब हुते. आन् ती खरंच त्या म्हाताऱ्यात गुतली."

"आणि त्याच वर्षी 'भूमिका'. हंसा वाडकरांच्या आयुष्यावरचा. त्यात बायकोच्या कमाईवर जगणारा, वर तिच्यावरच संशय घेणारा नवरा कोण होता?"

आक्का गप्प. मग म्हणाल्या, "खरं हाय. आपणच त्याला जावई करून टाकला."

मला वाटतं, सगळा महाराष्ट्र ह्यात फसला. बँकेत कारकुनी केलेला, जेजेत चित्रकला शिकलेला, सत्यदेव दुबेंच्या हाताखाली नाटकात तयार झालेला हा माणूस. बासू चटर्जींनी त्याला बसच्या रांगेत उभं केलं आणि आपण त्याला तिथून हलूच दिलं नाही. 'गोलमाल'ला दोन वर्षं होतायत तोवर त्यानं स्वतःचा सिनेमा काढला, आणि त्यात स्वतःसाठी हा मुकुटराव ठेवला. गाणीबिणी घालून प्रेमकथा काढली असती तर थिएटरं भरली असती. फ्रान्समध्ये नांतच्या महोत्सवात 'आक्रीत'ला परीक्षकांचं खास बक्षीस मिळालं. आमच्याकडं जत्रेच्या तंबूत मात्र तो कधी लागल्याचं आक्कांना आठवत नाही. तंबूत त्यांनी पडद्याच्या उलट्या बाजूनं बसूनसुद्धा सिनेमे बघितलेत, त्यामुळं त्यांची साक्ष पक्की.

"आणि ऐका, गंमत म्हणजे," मी म्हटलं, "तुम्ही सोडलेल्या मालिकेत तो पोलीस अधिकारी आहे ना, रमाकांत कुलकर्णी? ते काम आशुतोष गोवारीकरचं. तोही आधी नटच. त्यानं दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा १९९३ चा, 'पहला नशा'. त्यातही प्रेम आणि खून. हिरो दुर्बिणीतून समोरच्या घरातली बाई बघत बसतो, आणि एक दिवस त्याला खूनच दिसतो."

"दुर्बीण कशाला लागती? भिंत हाय की."

"शाहरुख, आमिर पाहुणे म्हणून येऊन गेले तरी तो पडला. 'लगान' पुढं आठ वर्षांनी."

"पडणारच. बघणाऱ्याला नुसतं दिसून काय उपेग? दोघांत काय चाललंय ते कळाय लागतं." आक्कांनी मेथीची एक काडी माझ्यावर रोखली. "मघाशी पोलिसांचं म्हणले, ते ह्येच. पोलीस दारापर्यंत येतो. आतलं शेजारणीला ठावं असतं."

समीक्षकांनी पानंच्या पानं लिहून जे सांगितलं नसतं ते आक्का फुकटात सांगतात.

पालेकरनं पुढं 'बनगरवाडी'ही केली, १९९५ साली, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांचा आपला माणदेश. इथल्या विद्या प्रतिष्ठानच्या सभागृहाला त्यांच्याच थोरल्या भावाचं, गदिमांचं नाव आहे, ह्यावर आक्का जरा सैलावल्या. धनगर, मेंढरं, मास्तर हे त्यांच्या ओळखीचं जग. पण लगेच मूळ मुद्द्यावर.

"आन् ती बाई? चित्रा? तिनं नवऱ्याच्या पिक्चरात असलं काम केलं, पुढं काय?"

"पुढं दोघं वेगळे झाले. मग तिनंही सिनेमा काढला. २००६ साली, 'माटी माय'. महाश्वेता देवींच्या गोष्टीवरचा. नंदिता दासनं चंडीचं काम केलंय. तिच्या घराण्याकडं लहान मुलं पुरायच्या जागेची राखण असते. तिला स्वतःला मूल होतं आणि तिचा जीव त्या कामात राहत नाही. मग गावात पोरं मरायला लागली की गाव तिलाच चेटकीण ठरवतं. नवरा अतुल कुलकर्णी. तोसुद्धा तिच्या बाजूनं उभा राहत नाही."

आक्कांचे हात थांबले. हिशेब चालला होता.

"म्हंजी नवऱ्याच्या पिक्चरात हिच्यापायी पोरी मारल्या. आन् हिनं स्वतः काढला तवा पोरं मारल्याचा आळ आलेली बाई घेतली."

पंचवीस वर्षांचं अंतर असलेले हे दोन सिनेमे मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते.

"ह्यो मला लावून दे," आक्का मेथी गोळा करत म्हणाल्या. "त्याचा राहू दे. बायकोनं काढलेला आधी."

"मालिकेचं काय? अर्धी राहिलीय."

"दादा बघत्यात. त्यांना पोलीस आवडतो."