एका अर्जात जग विकणाऱ्या सल्लागारांस

जागतिक पेटंट सल्लागार साहेबांस,


पत्रास कारण की, तुम्ही मला विकलेले दीडशेच्या वर देश अद्याप कामशेतला पोचलेले नाहीत. पोस्टमनला विचारलं. म्हणाला, एवढं मोठं पार्सल आलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

आठवतंय ना? जुलैचा पाऊस, पत्र्यावर असा ताशा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांसाठी मी लादी कापायचं यंत्र केलं होतं. पावसाळी दमट हवेत गुळाचा पाक पात्याला धरतो आणि वड्या पडायच्या ऐवजी चुरा पडतो. माझ्या पात्याला तो का धरत नाही, ते इथे लिहीत नाही. (आता लिहिलं तरी काय बिघडणार म्हणा, त्याकडे येतोच.) तुम्ही यंत्राला दोन प्रदक्षिणा घातल्यात, चहा संपवलात आणि म्हणालात, “काका, एकच अर्ज. अख्ख्या जगाचं पेटंट तुमच्या नावावर.”

साहेब, अख्ख्या जगाचं पेटंट नावाची वस्तूच नसते. पेटंट सहकार्य करार 1970 साली वॉशिंग्टनला झाला, भारत त्यात 7 डिसेंबर 1998 रोजी आला आणि एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाची सोय त्यात आहे, इतपत तुमचं खरं. पण पेटंट द्यायचं की नाही, हे ज्या त्या देशानं ठरवायचं. आपल्या हळदीचंच घ्या. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेनं दिलं होतं. माशेलकरांच्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं ते अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयात, आणि 1997 मध्ये ते रद्द झालं तेही तिथेच.

तुमचा एक अर्ज म्हणजे पुणे-लोणावळा लोकलचं तिकीट. लोणावळ्यापर्यंत सगळे एका डब्यात, मजेत. पुढे घाट उतरायचा तर गाडी वेगळी, तिकीट वेगळं. पहिल्या अर्जापासून बहुतेक देशांत 30 महिने, आपल्याकडे 31. तेवढ्यात ज्या देशात पेटंट हवं तिथली फी भरा, तिथला वकील गाठा, जपान हवा तर सगळं जपानीत करून द्या. तैवान तर या करारातच नाही. तोही तुम्ही यादीत घातला होतात, हा तुमचा मनाचा मोठेपणा. एका अर्जानं मिळते ती सवड, आणि सोबत एक शोध अहवाल. सवड ही काही वाईट चीज नाही. सवड म्हणून विकली असतीत तर मी आनंदानं घेतली असती.

फीचं तर बोलूच नका. भारतात राहणाऱ्या भारतीय माणसानं स्वतःच्या नावानं अर्ज केला, तर आंतरराष्ट्रीय फीत 90 टक्के सूट असते. ती मला मिळाली. मात्र माझ्याकडून घेतलेल्या पैशात ती कुठे दिसेना.

आता तुमची खरी कामगिरी. मुंबईच्या पेटंट कार्यालयात पहिला अर्ज जायच्या तीन महिने आधी तुम्ही माझ्या यंत्राचा व्हिडिओ काढलात. पातं जवळून, सावकाश, गाणं लावून. “आधी बाजार तापवू,” म्हणालात आणि तो सगळ्या जगासाठी टाकून दिलात. पुढे शोध अहवाल आला. त्यात माझ्या यंत्राच्या नावीन्यावर एक्स अशी खूण, म्हणजे हा एकच पुरावा नावीन्य संपवायला पुरे. पुरावा कुठला? तुमचा व्हिडिओ. माझ्या यंत्रानं माझ्याच यंत्राला आडवं पाडलं! जर्मनीत काय, जपानात काय, तुमचं नाव आता कायमचं नोंदलं गेलंय. आंतरराष्ट्रीय म्हणाल तर एवढंच.

अठरा महिने झाल्यावर अर्ज प्रसिद्ध झाला, माझा पत्ता जगजाहीर झाला, आणि परदेशातून एक पाकीट आलं. भलामोठा शिक्का, ‘नोंदणी शुल्क’, पैसे भरायला दहा दिवस. अशा बनावट बिलांपासून सावध राहा, असं जिनिव्हाची बौद्धिक संपदा संघटना स्वतःच अर्जदारांना बजावत असते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, “भरून टाका काका, रिस्क नको.” ते पाकीट तुम्ही पाठवलंत असं मी म्हणत नाही. पण सख्खा भाऊ ओळखू येतो.

व्हिडिओ काढून टाकायची तसदी घेऊ नका. त्याचा आता उपयोग नाही. पैशांचा हिशेब मात्र कागदावर पाठवा, एकाच पानात मावेल असा.

आपला,
दीडशे देशांचा मालक, मुक्काम कामशेत

ता. क. कान्हे, वडगाव, तळेगावच्या शेडवाल्यांनो, कुणी यंत्राचा फोटो मागितला तर मुंबईच्या अर्जाची पोच हातात येईपर्यंत यंत्रावर गोणपाट टाकून ठेवा.