चौथा स्टॉपर कुठाय?

"तीन स्टॉपर म्हंजे किती, मास्तर?"

"तीन म्हणजे तीन, आक्का."

"न्हाई. तीन म्हंजे दीड. एकाचा गुडघा, एकाची शिफ्ट, एकाची बारावी. घाला बघू हिशेब."

आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे. आक्कांच्या बाजूनं तिच्यावर उशांचे अभ्रे वाळतात, माझ्या बाजूनं वर्तमानपत्र पडलेलं असतं, आणि मधून कोल्हापूरचा अख्खा फुटबॉल जातो. दिवाळी सरली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या, नोंदणीची गडबड सुरू झाली की आमची ही बैठक लांबते. आमच्या पेठेचं नाव इथं लिहीत नाही. कोल्हापुरात पेठेचं नाव लिहिलं की निम्मे वाचक लेख तिथंच मिटतात.

बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की स्टॉपर म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, आणि इथले संघ कुण्या कंपनीचे नाहीत, बहुतेक तालमींचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या सगळ्या तालमीच. कुस्तीच्या लाल मातीतून पोरं कधी शाहू स्टेडियमवर उतरली ते आजोबांना विचारावं. 'ए' डिव्हिजनला सोळा संघ, आणि सोळाही संघांमध्ये दर वर्षी एकच चर्चा असते, ती म्हणजे यंदा फॉरवर्डला कोण.

"गुडघ्याचं काय कळलं?" मी विचारलं.

"त्याची आई काल मंडईत भेटली. म्हणाली, जिना उतरताना अजून कठडा धरतंय पोरगं. आन् कमिटीवाले काय सांगत फिरतात? जानेवारीत फिट! आवो, लिगामेंटचं ऑपरेशन हाय ते. सहा म्हैनं, नऊ म्हैनं मैदानाकडं बघायचं न्हाई म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. कमिटीनं काय पंचांग काढून बघितलं काय?"

"आणि तो शिरोली एमआयडीसीतला?"

आक्कांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की बातमी पक्की असते. "त्याचं लगीन ठरलंय. पोरगी सांगलीची. सासऱ्यानं अट घातलीया, फुटबॉल बंद. न्हाई घातली तरी काय, फौंड्रीतली शिफ्ट साडेतीनला सुटती. चारच्या मॅचला तावडे हॉटेलच्या चौकातनं हिकडं पोचायचा कवा, बूट घालायचा कवा? गेल्या साली तिसऱ्या मिनिटाला गोल बसला तवा ह्यो अजून लेस बांधत हुता."

हे मात्र मी स्वतः पाहिलं होतं.

राहिला तिसरा. अठरा वर्षांचा, उंच, हेडर चांगला, पण बारावीला. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येते आणि लीगही नेमकी तेव्हाच रंगात आलेली असते. त्याच्या वडिलांनी तालमीत येऊन हात जोडले म्हणे, की मार्च संपेपर्यंत पोराला हाक मारू नका. त्यात भर पिवळ्या कार्डांची. स्टॉपर म्हणजे कार्ड खाणारा माणूस. शेवटचा तोच, त्यामुळे पाय घालायचा तर त्यालाच घालावा लागतो. दुखापत एक वेळ टळेल, पण बंदीचा एखादा सामना हंगामात येतोच.

"मग चौथा कुठाय?" आक्का म्हणाल्या. "मी इचारलं कमिटीत. तर म्हणाले, आक्का, यंदा फॉरवर्डच असला आणलाय की डिफेन्सची गरजच लागणार न्हाई!"

फॉरवर्ड आलाय हे मलाही ठाऊक होतं. चौकात त्याचा फ्लेक्स लागलाय, गॉगलसकट. नायजेरियाचे खेळाडू आमच्या मैदानाला नवे नाहीत. त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय पेठेत होते, आणि दोन महिन्यांत ती पोरं 'काय भावा' म्हणायला लागतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार खर्चाच्या वाटणीची आहे. वर्गणी सगळ्या पेठेची, आणि ती खर्च होते पुढच्या दोघांवर.

"स्टॉपरचा फ्लेक्स कवा बघितलाय तुमी?" आक्कांनी विचारलं. "आमचे मालक बारा वर्षं स्टॉपर खेळले. फोटो एकच हाय घरात, त्यातबी हे कडंला उभे, निम्मे कापलेले. मधी कोण? फॉरवर्ड!"

बोलण्यात तथ्य होतं. 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून आपला अनिकेत जाधव खेळला तेव्हा सगळं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं. तोही पुढच्या फळीतला. त्याचा अभिमान आहेच. पण तेव्हापासून मैदानावर येणारं प्रत्येक पोरगं बूट बांधायच्या आधीच सांगतं, "सर, मी फॉरवर्ड."

आता इथं मी इंग्लंडचं लिव्हरपूल काढलं. माझ्या भाच्यामुळं मला ती सवय लागली आहे.

"ते लाल टीशर्टवाले न्हवं?" आक्का म्हणाल्या. "नातवाच्या खोलीत त्यांचंच पोस्टर हाय. त्यांचं काय झालं?"

"तुमचं तीन म्हणजे दीड झालं. तीस वर्षांनी लीग जिंकली त्यांनी, 2019-20 ला, 99 गुण काढून. त्याच उन्हाळ्यात लोव्रेन म्हणून एक स्टॉपर होता, तो रशियात झेनितला विकला. त्याच्या जागी नवा आणलाच नाही."

"पैसं नव्हतं?"

"होते की. मिडफिल्डला थियागो आणला, फॉरवर्डला जोटा आणला, एक लेफ्ट बॅकही घेतला. स्टॉपर मात्र तीनच राहिले. व्हॅन डाइक, गोमेझ आणि मॅटिप."

"हितनं म्होरं मीच सांगतो. एक पडला."

"17 ऑक्टोबर 2020. गावातल्याच एव्हर्टनबरोबर मॅच. त्यांचा गोलकीपर पिकफर्ड अंगावर आला आणि व्हॅन डाइकचा गुडघा गेला. हंगाम संपला त्याचा. नोव्हेंबरात गोमेझ देशाच्या सरावाला गेला आणि कुणाचा धक्का नसताना तिथं गुडघा धरून बसला. जानेवारीच्या शेवटी मॅटिपही गेला."

आक्कांनी कपाळाला हात लावला. मग डोळे बारीक करून विचारलं, "मग कुणाला मागं ओढलं?"

हा प्रश्न विचारणारा माणूस फुटबॉल जाणतो. चर्चा करणारे बहुतेक लोक 'गोल किती खाल्ले' इथंच थांबतात. लिव्हरपूलचं खरं नुकसान तिथं नव्हतंच. फाबिन्यो आणि कॅप्टन हेंडरसन हे दोघं मधल्या फळीतले. त्यांना स्टॉपरला उभं केलं. त्यांनी कामही वाईट केलं नाही. पण मधे चेंडू अडवणारा राहिला नाही, पुढं चेंडू पोचवणारा राहिला नाही, आणि मागून लांब पास टाकून खेळ उघडणारा व्हॅन डाइक तर आधीच घरी. मागचा एक माणूस गेला आणि पुढच्या फळीचे गोल आटले.

"पण लगेच कळलं नाही हे कुणाला," मी म्हणालो. "डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला त्यांच्या घरी सात गोल मारले. नाताळला टेबलात वर होते. सगळे म्हणाले, बघा, काही बिघडलं नाही."

"जत्रंतलं पोट हुतं ते. चार दिवसांनी कळतं."

"जानेवारीत कळलं. घरच्या ॲनफिल्डवर लीगचे 68 सामने हरले नव्हते. बर्नलीनं येऊन हरवलं, आणि ती धरून घरच्या मैदानावर सलग सहा हार."

"सहा? घरात?" आक्का हबकल्या. शाहू स्टेडियमवर आमची पेठ सलग सहा हरली तर काय होईल याचा विचार आम्ही दोघांनीही मनातल्या मनात केला आणि तो तिथंच सोडून दिला.

"मॅटिप गेला तशी धावपळ झाली होती. खेळाडू खरेदीची खिडकी बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी दोन स्टॉपर उचलले. एक जर्मनीतला, शाल्केचा काबाक, उसनवारीवर. शाल्के तेव्हा तिकडं तळाला. दुसरा प्रेस्टनचा बेन डेव्हिस. तो लिव्हरपूलकडून एकही अधिकृत सामना खेळला नाही."

"घाईत घेतलेलं लुगडं," आक्का पुटपुटल्या, आणि अभ्रे पालथे करायला लागल्या.

भारताच्या संघाचंही हेच झालं की. जानेवारी 2024 च्या आशिया कपला स्टॉपर अन्वर अली दुखापतीनं गेलाच नव्हता. सीरियाविरुद्ध दुसरा स्टॉपर संदेश झिंगन जखमी होऊन बाहेर आला आणि सामना 1-0 नं गेला. मार्चमध्ये वर्ल्ड कप पात्रतेत झिंगन नव्हता. गुवाहाटीत अफगाणिस्ताननं 2-1 नं हरवलं, तेही सुनील छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, त्याच्या गोलनंतर. सगळं खापर बचावावर फोडता येणार नाही, गोल करायची बोंब तर त्याहून मोठी होती. पण झिंगननंतर कोण, हा प्रश्न त्याच्या पहिल्या दुखापतीच्या वेळीच विचारायला हवा होता.

"शेवटी काय झालं त्या लाल टीशर्टवाल्यांचं?"

"वाचले. नॅट फिलिप्स आणि ऱ्हिस विल्यम्स अशी दोन पोरं होती. विल्यम्स तर आदल्या वर्षी किडरमिन्स्टरला खेळत होता, सहाव्या पायरीवरच्या लीगमध्ये. शेवटी शेवटी त्या दोघांनाच एकत्र खेळवलं. शेवटच्या पाच मॅच सलग जिंकल्या, तिसरे आले. मधे वेस्ट ब्रॉमविरुद्ध तर गोलकीपर ॲलिसननं पुढं जाऊन भरपाईच्या वेळेत हेडरनं गोल मारला."

"ते सोडा, गोलकीपरचं. पोरं घरचीच हुती म्हणा की."

"घरचीच."

"आन् एकत्र खेळवली म्हणून टिकली. स्टॉपर एकटा नसतोय, मास्तर. जोडीत एक पुढं गेला की दुसऱ्यानं मागं राह्यचं, हे सांगून येत न्हाई. मालक म्हणायचे, जोडीदाराचा श्वास वळखता आला पायजे. दर मॅचला जोडी बदलली तर ऑफसाइडला हात कुणी वर करायचा, हेच ठरत न्हाई."

मी एक शंका काढली. चौथा स्टॉपर बाहेरून आणला तर तो बाकावर बसणार. पैसे घेऊन बसायला तयार असणारा चांगला नसतो आणि चांगला असतो तो बसत नाही. हा पेच लिव्हरपूललाही सुटला नाही, आपल्या कमिटीला कुठून सुटणार?

"म्हणून तर म्हंतोय, घरचा तयार करा! आत्ता गांधी मैदानावर सराव चाललाय तवाच बारावीवाल्याच्या शेजारी कुणीतरी उभा करा. परीक्षेपतूर दोघांची जोडी बसंल, परीक्षा झाली की परत एकत्र."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

आक्का अभ्र्याची घडी घालू लागल्या. घडी घालायला तो अजून वाळलाही नव्हता. "आमचा नातू लेफ्ट बॅक खेळतोय की."

आता आलं लक्षात. पाऊण तासाच्या गप्पांचा चेंडू कुठं पोचवायचा होता ते. नातवाची उंची स्टॉपरला कमी पडते असं माझं मत आहे आणि ते मी भिंतीवरून कधीच बोलणार नाही. पण खरं सांगायचं तर डोकं शांत आहे पोराचं, डावा पाय चांगला आहे, आणि हंगामाच्या आधी पुरेसे सामने दिले तर उंचीचं काहीतरी भागेलही.

तेवढ्यात वर्गणीची पोरं पावतीपुस्तक घेऊन आलीच. पुढचा म्हणाला, "आक्का, यंदा कप पेठेतच. कितीची फाडू?"

आक्कांनी कनवटीची घडी उलगडली, पाचशेची नोट काढली आणि हातातच धरून ठेवली.

"पावतीवर ल्ही, फक्त डिफेन्ससाठी."

"आक्का, असं न्हाई लिहिता येत."

"मग फॉरवर्डकडनं घे जा वर्गणी."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. पुढच्यानं पेनाचं टोपण काढलं आणि मला विचारलं, "मास्तर, डिफेन्समधला 'फे' कसा लिहायचा?"