मंडळीचे भवितव्य ठरवावयाचे झाल्यास

प्रथम तारीख धरावी. सभा रविवारच्या उपासनेनंतर लगेच घ्यावी, कारण एकदा घरी जेवायला गेलेला माणूस भवितव्यासाठी परत येत नाही. सुगीच्या सणाचा रविवार टाळावा. त्या दिवशी भोपळ्याच्या लिलावात जी ईर्ष्या खर्ची पडते, तिच्यानंतर मंडळीत कशाचीच ईर्ष्या उरत नाही. डिसेंबर नाताळचा, लेंटचा काळ उपवासाचा, मे महिना गावी जाण्याचा. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, उपासना लांबते. एवढे करून जो रविवार उरेल, त्या दिवशी पाळकसाहेबांना बिशपांनी बोलावलेले असते. तरीही सभा घ्यावी.

घाई मात्र करू नये. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होण्यासाठी बोलणी सुरू झाली १९२९ मध्ये, आणि नागपुरात ती फळाला आली २९ नोव्हेंबर १९७० रोजी. सहा चर्चसंस्था एक झाल्या. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट इतकी वर्षे बोलण्यांत बसून अगदी शेवटच्या घटकेला बाहेर राहिले. तेव्हा तुमच्या मंडळीत दोनच घराणी असली, आणि वाद पेटीवर कोणी बसावे एवढाच असला, तरी तो एका दुपारी मिटेल अशी आशा पास्टोरेट कमिटीने बाळगू नये.

सभेची सुरुवात प्रार्थनेने होते. ती कोण करणार, हे आधीच पक्के करावे, कारण सभेतला सर्वांत महत्त्वाचा ठराव इथेच मांडला जातो. 'प्रभो, काही लोकांच्या मनात जो कडवटपणा शिरला आहे तो तू दूर कर,' असे वडिलांपैकी एकाने म्हटले की काही लोक म्हणजे कोण, हे डोळे मिटूनही सगळ्यांना दिसते. प्रार्थनेत हरकतीचा मुद्दा काढता येत नाही. शेवटी त्या काही लोकांनाही आमेन म्हणावेच लागते.

यानंतर आयटीत असलेला कुणाचा तरी भाचा पडद्यावर 'व्हिजन २०४०' दाखवील. डोळे मिटा आणि तेव्हाची मंडळी नजरेसमोर आणा, असे तो सांगेल. नगर जिल्ह्यातल्या मंडळीला डोळे मिटायला सांगणे सोपे आहे; पुढचे अवघड. मिटल्या डोळ्यांना भविष्य दिसत नाही, मिशनरींचा काळ दिसतो. अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ मध्ये. तेव्हापासून घंटा वेळेवर वाजत होती, बाक भरलेले होते आणि मुले गप्प बसत होती, अशी साक्ष निवृत्त मुख्याध्यापक देतील. ती ऐकून घ्यावी. महिला मंडळाच्या मावशींना बायकांच्या बाजूला एक पंखा दिसला, तर तोच कागदावर लिहून घ्यावा. दिवसभरात निघालेली ती एकमेव भविष्यातली वस्तू असते.

मालमत्तेचा विषय काढू नये. कंपाउंडची भिंत, जुना बंगला, सात-बारावर नाव कोणाचे, यांतले एक जरी निघाले तरी सभा थेट धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जाऊन थांबते. अपवाद दफनभूमीचा. तिथे जागा कमी पडते आहे, यावर दोन्ही घराण्यांचे एकमत असते. सामायिक भविष्याची एवढी स्पष्ट कल्पना मंडळीत दुसऱ्या कशाचीच नसल्यामुळे हा ठराव बिनविरोध मंजूर करून टाळ्या घ्याव्यात.

आता गिटार. तरुण संघातला कोणीतरी ती मागणारच, आणि 'उपासना संगीत' छातीशी धरून एक काका उठणारच. ते टिळकांचे नाव घेतील. नारायण वामन टिळकांची भजने ज्या देवळात गायली जातात तिथे तारांचे हे खूळ नको, असे म्हणतील. इथे मार्गदर्शकाला थोडे विषयांतर करू द्यावे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. इंग्रजी चालींवर बेतलेल्या मराठी गीतांच्या शेजारी त्यांनी अभंग आणून बसवला, चर्चमध्ये कीर्तन उभे केले. म्हणजे त्या काळची गिटार तेच होते. एवढ्यावर ते थांबले असते तरी चालले असते. पण १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही बसायला जागा ठेवली. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. हा सगळा तपशील काकांना सभेत सांगू नये. मासिक वर्गणी थकलेल्याला मताचा अधिकार असावा की नाही, हेच आपल्याकडे अजून ठरायचे आहे. त्यात बाप्तिस्मा न घेतलेला कुठे बसवणार? गिटारीसाठी उपसमिती नेमावी. तिचे निमंत्रक काका.

तरुणांना बोलण्याची संधी अवश्य द्यावी, शेवटची पाच मिनिटे. चहा त्याच वेळी येतो आणि तो वाटायचे काम परंपरेने तरुण संघाकडे आहे, हा निव्वळ योगायोग समजावा. एखादी मुलगी कपबशांचा ट्रे हातात घेऊनच बोलू लागेल: पिंपरीत आम्ही कोणत्या चर्चमध्ये जातो हे इथे कधी कोणी विचारले नाही, दुबईतला भाऊ फोनवर उपासना बघतो, पण आवाज नीट येत नाही. तिला 'छान मुद्दा आहे' असे म्हणावे आणि बिनसाखरेचा कोणता ते विचारावे.

इतिवृत्त संयमाने लिहावे. 'सविस्तर व खेळीमेळीची चर्चा झाली' हे वाक्य भांडण झाले असल्यास वापरावे. भांडण झाले नसल्यास गणपूर्ती नव्हती असे समजावे. पंखा खजिनदारांकडे पाठवावा. ते निधी नसल्याचे कळवतील.

पुढील सभेची तारीख आशीर्वचनाआधीच ठरवून घ्यावी. ती तरुण संघाच्या सेक्रेटरीला सोईची आहे का, हे विचारायला हरकत नाही. तो मागे खुर्च्या रचत असेल. पटकन विचारावे, त्याला पुण्याची साडेतीनची एसटी गाठायची असते.