साठ दिवसांचा ‘प्रयत्न’

जयपूरला उच्च न्यायालयाच्या आवारात, बाईला स्वातंत्र्य नाकारणाऱ्या मनुस्मृतीच्या मनूचा पुतळा आहे. 1989 साली बसवला. विरोध झाला, तेव्हा न्यायमूर्तींनीच ठराव केला: हटवा. त्यावर याचिका आली, स्थगिती मिळाली. पुतळा जागेवरच.

अंतरिम दिलासा असावा तर असा!

2000 साली समाजवादी कार्यकर्ते बाबा आढावांनी पुतळा हटवा म्हणत महाडहून जयपूरकडे मोर्चा नेला. 2018 साली औरंगाबादच्या दोन बायकांनी वर चढून मनूला काळे फासले. त्यांना अटक झाली. पोलीस वेळेवर पोचत नाहीत, असे कोण म्हणतो?

आता त्याच जयपुरात नवऱ्याचा मार खाल्लेली बाई न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्या बाजूने आहे. नोटीस दोन दिवसांत बजावायची, पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत घ्यायची आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा.

प्रयत्नाला कुठे मुदत असते?

नोटीस बजावण्याची जबाबदारी संरक्षण अधिकाऱ्याची. कायदा लागू झाला ऑक्टोबर 2006 मध्ये. तालुक्या-जिल्ह्यांत हे अधिकारी सहा आठवड्यांत नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले मे 2025 मध्ये. बाईने तोवर काय करायचे? स्वतःचे संरक्षण, बिनपगारी.

तातडीची सोयही आहे बरं का. बाईचे प्रतिज्ञापत्र पाहून, नवऱ्याचे म्हणणे न ऐकताही, तात्पुरता आदेश देता येतो. कलम 23. आदेशाची प्रत फुकट, पोलीस ठाण्यालाही एक. कागदाला तोटा नाही.

राहायचे कुठे? 2006 साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, घर सासूच्या नावावर असेल तर सुनेला तिथे राहण्याचा हक्क सांगता येणार नाही. 2020 साली तेच न्यायालय म्हणाले, तो अर्थ बरोबर नव्हता. मधल्या चौदा वर्षांत उंबऱ्याबाहेर गेलेल्यांना परत बोलावणे कोणी धाडले?

न्यायदंडाधिकारी मारकुट्या नवऱ्याला घराबाहेर काढू शकतात. छळणाऱ्या सासूला मात्र नाही. कारण तीही बाईच! कायद्याला बाईची काळजी आहे, फक्त कोणत्या बाईची ते तपासून घ्यावे.

‘मारू नको’ असा संरक्षण आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र. वीस हजार हे 2005 सालचे. सोने कुठल्या कुठे गेले, दंड तिथेच.

हे सगळे वाचून कोणीतरी म्हणणारच, “अहो, पण बायका खोट्या केसेस करतात!”

करत असतील. मग साठ दिवसांत निकाल लावा की. खरी असेल तर तिला घर मिळेल, खोटी असेल तर नवरा सुटेल. तारखा लांबल्या की खऱ्या बाईचे हाल, खोट्यात अडकलेल्या नवऱ्याचेही हाल.

मजा एकाचीच. हात उगारणाऱ्याची. त्याला वेळच तर हवा असतो!