ओढ्यापलीकडे हात करायचा नाही

"काय गं, काल सकाळपासून तुमची गाडी नव्हती दारात. कुठे उंडारायला गेला होतात?"

"उंडारायला कसलं काकू, इथेच. म्योडलारॉइटला. होफमध्ये राहून ते बघितलं नाही म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं ना!"

"त्यात बघायचं काय? आमचा चिरंजीव म्हणतो, पुरती पन्नास माणसंसुद्धा नसतील त्या गावात."

"नसतील. पण बर्गरमास्टर, म्हणजे आपले सरपंच, दोन आहेत! मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. दक्षिणेकडची घरं आपल्या बव्हेरियातल्या ट्योपेनच्या पंचायतीत, उत्तरेकडची थुरिंगियातल्या गेफेलमध्ये. पिनकोड निराळे, फोनचे कोड निराळे. शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या गाड्यांवर नंबरपाट्यासुद्धा निराळ्या."

"आणि ओढा केवढा?"

"पदर खोचलात तर तुम्हीसुद्धा उडी मारून जाल."

"माझे गुडघे सोडून बोल. आणि हे सगळं त्या हिटलरच्या लढाईपायी झालं असणार."

"तिथेच तर गंमत आहे. हद्द त्याच्या कितीतरी आधीची. 1810 मध्ये एका काठाला बव्हेरियाचं राज्य आणि दुसऱ्या काठाला रॉयस घराण्याचं संस्थान, असं ठरलं. त्यांचे हद्दीचे दगड अजून आहेत. बव्हेरियाच्या अंगाला 'के बी' कोरलंय, रॉयसच्या अंगाला 'एफ आर'. 1918 मध्ये राजेही गेले आणि संस्थानिकही गेले, दगड मात्र तिथेच. पण कुणाचं काही अडत नव्हतं हो. शाळा आणि बिअरची खानावळ थुरिंगियाच्या बाजूला, आणि चर्चला सगळं गाव ट्योपेनला, म्हणजे बव्हेरियात."

"म्हणजे शनिवारी प्यायला तिकडे आणि रविवारी पापं धुवायला इकडे! बरी सोय की."

"सोयच होती. मग लढाई झाली आणि 1949 मध्ये त्याच ओढ्याच्या दोन्ही तीरांवर दोन देश आले, इकडे पश्चिम जर्मनी, तिकडे पूर्व जर्मनी. तरी सुरुवातीला येणंजाणं चालायचं. खरं बिनसलं ते 1952 मध्ये. पूर्वेकडच्या सरकारने हद्दीलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा बंद केला, आणि त्यातही हद्दीला चिकटून पाचशे मीटरचा आणखी कडक. गावात आधी फळ्यांचं कुंपण घातलं, माणसाच्या डोक्याहून उंच."

"पाचशे मीटर म्हणजे अख्खं गाव आलं की त्यात!"

"आलंच. आणि जी माणसं भरवशाची वाटली नाहीत, त्यांना घरातून उचलून लांब कुठेतरी नेऊन टाकलं. अशी मोहीम साऱ्या हद्दीवर झाली. अधिकाऱ्यांनी तिला नाव काय दिलं होतं म्हणाल? 'कीड'. आपल्याच शेतकऱ्यांना!"

"शिव शिव."

"उरलेल्यांनी वागायचं कसं, तेही ठरवून दिलेलं. त्यांच्याकडे लग्नाला-बारशाला यायचं तर सख्ख्या भावालासुद्धा परवाना लागायचा. कुंपणाचे पुढे काटेरी तारांचे थर झाले आणि 1966 मध्ये सिमेंटची भिंत उभी राहिली. सातशे मीटर लांब आणि तीन मीटर तीस सेंटिमीटर उंच. एवढ्याशा वस्तीला! अमेरिकन शिपायांनी गावाला नावच पाडलं, 'लिटल बर्लिन'."

"अगं, पण बोलत तरी असतील ना? भिंतीवरून ओरडून?"

"कुठलं! पश्चिमेकडचे हाका मारायचे, हात करायचे. पूर्वेकडच्यांना उलट हात करायलासुद्धा बंदी. म्हणजे पलीकडे तुमची मावशी उभी आहे, तुम्हाला हाक मारतेय, आणि तुम्ही खाली मान घालून बटाटे काढायचे."

"बाई बाई! भिंत एक वेळ समजू शकते मी. पोलीस, बंदुका, सरकार कधी कसं वागेल सांगता येत नाही. पण हात करायचा नाही? मी तर पडद्याआडून तरी केला असता."

"काकू, तुम्ही तर पहिल्याच दिवशी पकडल्या गेला असतात. आणि इकडून बघ्यांच्या बसवर बसेस यायच्या. माणसं प्राणिसंग्रहालयात वाघ बघतात तशी भिंत बघून जायची. 1983 मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष बुशसुद्धा येऊन गेले. थोरले बुश, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते."

"पाहुण्यांचं काय, बघायचं आणि जायचं. मग बर्लिनची भिंत पडली तशी हीपण त्याच रात्री पडली असेल."

"छे! बर्लिनला 9 नोव्हेंबर 1989. इथे वाट उघडली ती बरोबर महिन्याने, 9 डिसेंबरला, तीही पायी जाणाऱ्यांपुरती. बुलडोझर लागला 17 जून 1990 ला. म्हणजे ज्या तारखेला 1953 मध्ये पूर्व जर्मनीत कामगार उठले होते आणि रणगाडे आणून त्यांना दडपलं होतं, ती तारीख. थोडी भिंत मात्र राखून ठेवलीय. भिंत, टेहळणीचा मनोरा, कुंपणं, असं उघड्यावरचं म्युझियमच आहे ते."

"बरं झालं. सगळी पाडली असती तर नातवंडांना आजीची थाप वाटली असती. पण मला एक सांग, आता सगळं एक झालं, मग दोन बर्गरमास्टर अजून कशाला?"

"कारण हद्द हलवलीच नाही ना कुणी! देश एक झाला, राज्यं दोनच राहिली. अजून ऐका. 31 ऑक्टोबरला थुरिंगियात सुट्टी, ल्यूथरची. बव्हेरियात कामाचा दिवस. दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, बव्हेरियात संतांची सुट्टी आणि थुरिंगियात काम. 6 जानेवारीलाही तसंच, इकडे घरी बसा, तिकडे शाळा."

"म्हणजे ओढ्याअलीकडचा पांघरुणात आणि पलीकडचा कामावर! भांडणं होत असतील की."

"हसत असतील झालं. आम्ही काल दुपारी बघितलं ना, पलीकडची एक बाई अलीकडच्या बाईशी रस्त्यात उभी राहून बोलत होती, ते काही केल्या संपेना. सासूबाई म्हणाल्या, चला, यांचा 1952 पासूनचा हिशेब बाकी आहे."

"तुझ्या सासूबाईंची जीभ! आणि ती सिरियल? तुझा नवरा म्हणत होता, या गावावर निघालीय."

"हो, 'टानबाख' नावाची, 2015 साली लागली होती. गोष्ट या गावावरून सुचलेली. पण चित्रीकरण चेकियामध्ये केलं."

"का? खरा ओढा सुकला होता?"

"आता ते मला काय माहीत! बघायचीय का? आमच्याकडे आहे."

"आणून दे. पण जर्मन मला कळत नाही हं, तू शेजारी बसून सांगायचं. आणि चहा माझ्याकडे."