चार दलेर आणि शेवटची रांग

मराठी मध्यमवर्गीय पुरुष नाचतो, पण कुणी बघत नाही अशी खात्री असेल तरच. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो बेधडक नाचतो, कारण तिथे ताशापुढे सगळ्यांचंच भान सुटलेलं असतं. हल्ली मात्र आपल्या लग्नांत ‘संगीत’ शिरलंय आणि त्याच्या मागोमाग कोरिओग्राफर नावाचा कडक शिस्तीचा मुलगा. तो ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणतो आणि माझा डावा पाय उजव्याची परवानगी मागायला जातो. भाचीच्या लग्नात त्याने माझ्याकडे एकवार बघितलं आणि प्रेमाने सांगितलं, “मामा, तुम्ही शेवटच्या रांगेत नुसत्या टाळ्या वाजवा.” टाळ्याही समेवर हव्या होत्या, हे मला नंतर कळलं.

बसवलेले नाच संपले, कोरिओग्राफर जेवायला गेला आणि डीजेने ‘तुनक तुनक तुन’ लावलं. शेवटची रांग पहिली झाली.

या गाण्याची जन्मकथा मला फार आवडते. ते गाणारे पंजाबी गायक दलेर मेहंदी यांची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे, अशी टीका तेव्हा होत होती. आपल्यावर अशी टीका झाली तर आपण फार तर संपादकांना पत्र लिहू. या गृहस्थाने 1998 साली असा व्हिडिओ काढला की त्यात मुलगी औषधालाही नाही. एका दलेरशेजारी दुसरा दलेर, मग तिसरा, मग चौथा! चौघांचे झगे वेगळे, पगड्या वेगळ्या, आनंद मात्र एकच. रंगीत पडद्यासमोर चित्रीकरण करून मागची दृश्यं संगणकावर जोडायची करामत आपल्याकडे तेव्हा नवीन होती. त्यामुळे मागे कधी वाळवंट येतं, कधी मॉस्कोतलं रंगीत घुमटांचं चर्च. का येतं, हे विचारायचं नाही. नाचणारा विचारत नाही, तर बघणाऱ्याने कशाला विचारायचं?

इतर गाण्यांवर नाचताना आपण कुणासारखं तरी दिसायचं असतं. लावणी लागली की अदा हवी, हृतिकचं गाणं लागलं की हाडं रबराची हवीत. इथे ज्याच्यासारखं दिसायचं तो मुळातच हसतमुख, अंगाने भरलेला, दाढीवाला गृहस्थ आहे. आमच्या सोसायटीचे खजिनदार पगडी घालून उभे राहिले तर पाचवे दलेर म्हणून खपून जातील. सगळं काम खांद्यांचं आणि हातांचं. हात वर करून मनगट फिरवायचं, खांदे उडवायचे, जमलं तर गिरकी घ्यायची. गुडघ्यांना फारसा त्रास नाही. गाणंच आपल्यापेक्षा चक्रम असल्यामुळे आपण तुलनेने शहाणे दिसतो, हा आणखी एक फायदा.

पंजाबी मला कळत नाही. कुणाचं अडलंय? इंटरनेटवरून हे गाणं जगभर गेलं, तिथेही पंजाबी कळणारे कितीसे असतील? ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये 2007 साली ड्रेनाय नावाची परग्रहावरची जमात आली. त्यांच्या पायांना खुरं, मागे शेपूट आणि पुरुषांच्या हनुवटीला सोंडांसारखं काहीतरी लोंबतंय. या जमातीतले पुरुष नाचतात ते ‘तुनक तुनक’चा नाच! भाच्याने मोबाइलवर दाखवलं तेव्हा मला भरून आलं. खुरं असलेल्याला जमतं, तर कोल्हापुरी चप्पल घातलेल्याला का जमू नये?

तर त्या रात्री मी नाचलो. साठीचे व्याही नाचले, हॉलचे मॅनेजर दारातच खांदे उडवू लागले. “अहो, पाठ!” असं ओरडत आमची ही मला थांबवायला आली आणि गर्दीत दुसरी दलेर झाली. व्याह्यांचं धोतर सुटायच्या बेतात आलं, तेव्हा भटजींनी पुढे होऊन ते खोचून दिलं आणि तेही थांबले नाहीत. कोरिओग्राफर हातात ताट घेऊन बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण पायाने ठेका धरला होता.

तुमच्याकडे कार्य असेल तर डीजेला एवढं आधीच बजावून ठेवा: हे गाणं जेवणाआधी लावायचं. बासुंदीवर ते झेपत नाही.